हेल्मेटमधला आवाज

आमच्या ह्यांच्या हेल्मेटला हनुवटीपाशी कॅमेरा असतो, हँडलला दुसरा, आणि हेल्मेटच्या आत, गालाच्या गादीखाली, बोटाच्या पेराएवढा माईक. बाहेर वाऱ्याचा घोंगाट फार, म्हणून माईक आत. घरी आल्यावर ह्यांचं सगळं बडबडणं कापून टाकायचं, वर संगीत चढवायचं आणि जगाला दाखवायचं, की बघा, कसा वारा प्यायलाय गडी!

त्या रविवारी सोबत भाऊजी होते, ह्यांचे थोरले भाऊ. ह्यांना गाडी चालवायला त्यांनीच शिकवलेली. पण अपघातात पाय मोडल्यापासून त्यांनी स्वतःच्या मोटरसायकलला हात लावला नव्हता. पाय जुळला, थोडं लंगडणं राहिलं, पण धीर सुटला तो सुटलाच. जाऊबाई माझ्या मागे लागल्या होत्या, "अगं, एकदा सोबत नेऊ दे त्यांना. नाहीतर ते गाडी विकून टाकतील आणि कायमचे घरात बसतील." मग मी ह्यांच्या मागे लागले, तेव्हा कुठे हे तयार झाले.

सकाळी पार्किंगमध्ये ह्यांनी भाऊजींच्या हेल्मेटलाही कॅमेरा चिकटवला. मोठ्या तोऱ्यात सूचना चालल्या होत्या, "दादा, मान ताठ ठेव. डोकं हलवू नकोस. खड्डे जपून घे. चित्र हललं की सगळं फुकट जातं." भाऊजी मान डोलावणार होते, ती अर्ध्यात थांबवून म्हणाले, "बरं."

संध्याकाळी दोघे परतले. भाऊजींचा चेहरा बघण्यासारखा होता. गाडीची किल्ली बोटात फिरवत, हेल्मेट मांडीवर घेऊनच ते सोफ्यावर बसले. "पुढच्या रविवारी कुठे जायचं?" त्यांनी विचारलं. जाऊबाईंनी गुपचूप डोळे पुसले. हे आंघोळीला गेले होते.

"लाव की टीव्हीवर," भाऊजी मला म्हणाले. "बघू तरी, कसा दिसतो मी."

मी ह्यांच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यातलं कार्ड काढून टीव्हीला लावलं. आवाज आधी कापावा लागतो हे मला चांगलं ठाऊक होतं, पण आनंदाच्या भरात ते डोक्यातूनच गेलं.

आधी मजा आली. सिग्नलवर हे गाडीची आर्जवं करत होते, "चल ग माझे बाई!" आम्ही पोट धरून हसलो. मग एका वळणावर गाडी थांबली. मागे वळून बघितलं, तर रस्ता रिकामा. ह्यांचा आवाज आला, "आज येतोयस की उद्या?" भाऊजीही हसले.

पुढच्या वळणावर पुन्हा तेच. "कुठून हे लोढणं गळ्यात बांधून घेतलं! तरी बायकोला सांगत होतो. लंगडा घोडा घरात बांधून ठेवायचा, रस्त्यावर आणायचा नाही."

रस्त्याच्या टोकाला भाऊजी दिसू लागले. ताठ मानेने, जपून, एकेक खड्डा चुकवत येत होते. टीव्हीवर एक शिवी ऐकू आली. मग हेल्मेटची काच वर केल्याचा खट्ट आवाज आणि लगेच गोड सूर, "वा दादा! काय मस्त चालवतोयस!"

मी रिमोट उलटा धरून बटणं दाबत सुटले. हे खांद्यावर टॉवेल टाकून दारात उभे होते, कधीपासून कोण जाणे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोला सांगत होतो, हे खरंच होतं. घोड्याचं ते नाव आमच्याच खोलीत पडलं होतं आणि ऐकून मी हसले होते. जाऊबाईंकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

"दादा, ते... म्हणजे..." हे टॉवेल सावरत पुढे आले.

भाऊजींनी बोटातली किल्ली काढून जाऊबाईंच्या हातात दिली. "आत ठेव," म्हणाले. मग हेल्मेटवरचा कॅमेरा काढायला लागले, हळूच, कुठे ओरखडा येणार नाही अशा बेताने. रागाने आदळला असता तर बरं झालं असतं. तो त्यांनी ह्यांच्यापुढे धरला.

"वेग काही जमला नाही मला," ते म्हणाले. "पण मान हलवली नाही हं. हेल्मेटात किडा शिरला तरी नाही. बघ ना, माझं चित्र तरी हललं नाही ना?"