अनुक्रमांक एक, वय पाच वर्षे दोन महिने

तोरणखेडच्या शाळेचं कुलूप काही केल्या उघडेना. कुलूप गंजलं नव्हतं आणि किल्लीही हरवली नव्हती. किल्ली सरपंच उकंडरावांच्या बंडीच्या खिशात होती, आणि उकंडराव शाळेच्या पायरीवर पाय पसरून बसले होते.

"पयले म्या फुकणार," ते म्हणाले. "मंग लेकरं."

वच्छला तायडे समोर उन्हात उभी होती. बालहृदय व फुप्फुस संशोधन पथकाची ती सिस्टर. पथक म्हणजे दोनच माणसं, एक ती आणि दुसरा मशीनवाला सेवादास राठोड. नागपूरच्या केंद्रानं त्यांना शेलूबाजारात एक खोली घेऊन दिली होती. तिथून एस.टी.नं, जीपनं, नाहीतर बैलगाडीनं गावोगाव जायचं, पाच ते नऊ वर्षांच्या पोरांच्या छात्या ऐकायच्या आणि त्यांना मशीनमध्ये फुंकायला लावायचं, असं काम. चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. मालेगावच्या एका मजुराची ही पोर अकोल्याला नर्सिंग शिकून आली होती. तिच्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारं ती पहिलंच माणूस. त्यामुळे कागदावर लिहिलेलं तंतोतंत पाळायचं, हा तिचा धर्मच झाला होता.

"सरपंचसाहेब, हे मशीन लेकरांसाठी आहे."

"बाई, गावात हापसा बसला, पयला दांडा म्या मारला. देवीची लस आली, पयली सुई म्या टोचून घेतली. म्या ओरडलो नाई म्हणून लेकरं ओरडली नाईत. आता या डब्ब्यात काय हाये ते मले ठाऊक नाई. गावच्या लेकरायले म्या आंधयेपणानं फुकू देऊ काय?"

वच्छलानं सेवादासला मशीन मांडायला सांगितलं. खरं सांगायचं तर म्हणणं तसं शहाणपणाचंच होतं.

मशीन म्हणजे पाण्यात पालथा घातलेला एक पत्र्याचा डबा. रबरी नळीतून फुंकलं की डबा वर उचलला जाई आणि त्याला जोडलेली लेखणी कागदावर रेघ ओढी. उकंडरावांनी मिशा बाजूला सारल्या, नळी तोंडात धरली आणि आरतीला शंख फुंकावा तसं फुंकलं. डबा टणकन वर उडाला. लेखणी कागद सोडून भिंतीवर गेली.

"अरे बाप्पा!" सेवादास कळवळला. त्याचा त्या मशीनवर पोटच्या पोरासारखा जीव होता. "साडेचार लिटर!"

घोटाळा झाला तो पुढं. कागदावर अनुक्रमांक छापलेले होते. एक नंबरचा कागद वापरला गेला. नियमावलीत लिहिलेलं होतं की अनुक्रमांक रिकामा सोडू नये, फाडू नये, खोडू नये. म्हणून एक नंबरचा फॉर्म भरणं भागच होतं. वच्छलानं भरला. उंची पाच फूट नऊ इंच. वजन चौऱ्याहत्तर किलो. वयासाठी दोन चौकोन होते, एक वर्षांचा आणि एक महिन्यांचा. उकंडराव बावन्न वर्षांचे, आणि लेकरांसाठीच्या त्या चौकोनात एकच आकडा मावे. तिनं एका चौकोनात पाच लिहिलं, दुसऱ्यात दोन. शेवटी, कोणाचा गैरसमज होऊ नये म्हणून, शेऱ्यात स्पष्ट लिहिलं: 'प्रौढ.'

"पालकाचं नाव?"

"माहा बाप तं कवाचा गेला. माहा पालक मीच."

उकंडरावांनी पालक म्हणून सही ठोकली आणि किल्ली काढून दिली.

त्या आठवड्यात दोनशे अकरा पोरं झाली. एकशे अडतिसावी नानीबाई. नाव एवढं भारदस्त, पण पोर सहा वर्षांची आणि वजन जेमतेम तेरा किलो. तांड्यावरच्या कमलीबाईची लेक. तिनं नळीत फुंकलं तर लेखणी जागची हलली न हलली, आणि पोर मटकन खाली बसली. वच्छलानं गळ्यातली तपासायची नळी तिच्या छातीला लावली. आत काळीज ठोके देत होतंच, पण त्या ठोक्यांच्या मागं एक अखंड घरघर चालली होती, दूरवर कुठंतरी पिठाची गिरणी चालू असावी तशी. ती क्षणभरही थांबत नव्हती.

"धावली का दम लागते तिले," कमलीबाई सांगत होती. "दोन पावलं गेली का बसते. आमी म्हणतो, आयशी हाये."

"आळशी नाही ती," वच्छला म्हणाली. त्या आवाजाबद्दल तिला अकोल्याच्या बाईंनी शिकवलं होतं. जन्मानंतर बुजायला हवी ती एक रक्तवाहिनी हृदयाजवळ उघडीच राहते. वेळेत बांधली तर पोर ठणठणीत होतं, नाही बांधली तर दरवर्षी थोडं थोडं संपत जातं.

तिनं नागपूरला पत्र लिहिलं. दहा दिवसांनी दुसरं, मग तिसरं. तिन्ही पत्रांना मिळून एक उत्तर आलं: 'क्र. १३८ ची नोंद घेतली. निरीक्षण चालू ठेवावे. उपचार हा संशोधनाचा विषय नाही. केवळ असाधारण बालकांचाच त्यासाठी विचार होतो.'

त्याच टपालात दुसरं जाड पाकीट होतं. सेवादासनं ते फोडलं, वाचलं आणि खुर्ची ओढून बसला.

'क्र. १, चि. उकंडराव, वय पाच वर्षे दोन महिने. या बालकाची उंची, वजन व श्वासशक्ती पाहून केंद्रात खळबळ उडाली आहे. त्या हिशेबाने वयाच्या मानाने हृदय अडीचपट मोठे ठरते. शेऱ्यात मूल प्रौढ वाटते असेही आपण नोंदवले आहे. बालकास अशक्तपणा येऊ नये म्हणून रोज दूध व दोन अंडी सुरू करावी. सोबत दुधाच्या पावडरीचे सहा डबे.'

वच्छलानं त्याच दिवशी उलट टपाली लिहिलं, की क्र. १ हे बालक नसून गावचे सरपंच आहेत, त्यांना मिशा आहेत आणि चार नातवंडं आहेत.

उत्तर आलं: 'पाच वर्षांच्या बालकास मिशा असणे हे गंभीर लक्षण आहे. ते मूळ फॉर्ममध्ये का नमूद केले नाही, याचा खुलासा करावा. नातवंडांचे फॉर्म स्वतंत्र पाठवावेत.'

"आता काही लिहू नका बाई," सेवादास म्हणाला. "तुमी एक कागद धाडता, तिकून लेकरू अजून बिमार होऊन येते."

उकंडरावांनी मात्र हे सगळं फार मनावर घेतलं. दूध ते रोज पीत. अंडी घरात चालत नसत म्हणून ती सेवादास खाई. गावात ते सांगत सुटले, "नागपूरच्या डॉक्टरायनं लिहून देलं, माहं काळीज अडीचपट हाये."

त्यांची बायको रुख्मिणी दाराआडून म्हणाली, "एवढं मोठं असतं तं माह्या भावाच्या लग्नात गाडी-बैल देले असते. एका रुमालावर भागवलं."

दिवाळीच्या आधी तार आली. क्र. १ यास पालकासह सोमवारी नागपुरास हजर करावे, खाट राखून ठेवली आहे, गरज पडल्यास शस्त्रक्रियेसह सर्व उपचार केंद्रातर्फे.

वच्छलानं ती तार दोनदा वाचली. मग ती घडी करून पर्समध्ये ठेवली आणि बराच वेळ खिडकीतून रस्त्यावरच्या जीपा पाहत बसली. आजवर तिनं कधी एक काना खोटा लिहिला नव्हता. पण इथं तर तिनं सगळं खरं लिहिलं होतं, आणि त्यातून हे निपजलं होतं. खऱ्यानं एवढं होतं, तर मग खाटेवर कोण झोपलं यानं असं काय बिघडणार होतं?

"सेवादासभाऊ," ती म्हणाली, "खाट उकंडरावच्या नावाची आहे. उकंडराव कोण, हे नागपुरात कोणाला ठाऊक आहे?"

सेवादासनं तिच्याकडे पाहिलं. त्याला समजायला वेळ लागला नाही. "पण सरपंच ऐकतील काय?"

सरपंच ऐकत नव्हते. नवं धोतर आणून झालं होतं, ओसरीवर ट्रंक भरून ठेवलेली होती.

"बाई, खाट माही हाये. तारेत माहं नाव हाये. तांड्यावरच्या पोट्टीले म्या माहं नाव कायले देऊ? उद्या काही झालं तं उकंडराव मेला, असं सरकारात लिहितीन!"

वच्छलाच्या ओठांवर बरंच काही आलं होतं. तिच्या वडिलांना असल्या माणसांच्या ओसरीवर कधी चढता आलं नव्हतं, तेही त्यात होतं. ते तिनं गिळलं. गळ्यातली नळी काढली आणि सरळ सरपंचांच्या कानात घातली. दुसरं टोक त्यांच्याच छातीवर ठेवलं.

"ऐका."

उकंडराव डोळे मिटून ऐकू लागले. "धप, धप. धप, धप. चांगला वाजून राह्यला गड्या!"

वच्छलानं सोबत आणून दारात बसवलेल्या नानीबाईला जवळ ओढलं आणि तेच टोक तिच्या छातीवर ठेवलं.

उकंडरावांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी डोळे उघडले. "हे काय वाजून राह्यलं? हे तं चक्की चालू हाये आत."

"रात्रंदिवस चालू आहे ती. झोपेतही."

"बंद नाई होत?"

"खाट मिळाली तर होईल."

नानीबाई त्यांच्या मिशांकडे टक लावून पाहत होती. तिनं विचारलं, "आबा, तुमाले माह्या पोटातलं आयकू येते?"

उकंडरावांनी नळी कानांतून काढली नाही. ती तशीच ठेवून ते आत ओरडले. "रुख्मिणी, ट्रंकेतलं माहं धोतर राहू दे, पोरीसाठी एखादी गोधडी टाक. आन पाय बाई, पालकाच्या जागी सही कोनाची हाये?"

"तुमचीच."

"मंग मीच येतो संगं. माह्या पालकाशिवाय माही भरती कशी होईन?"

रविवारी सकाळी शेलूबाजारच्या फाट्यावरून नागपूरच्या गाडीत चौघं बसले: वच्छला, कमलीबाई, तिच्या मांडीवर चि. उकंडराव आणि खिडकीशी पालक उकंडराव. वाटेत सरपंच पोरीला शिकवत राहिले. "नाव काय तुहं?" "उकंडराव." "वय?" "पाच वर्सं, दोन मयने." "मिशा कुठी गेल्या?" यावर नानीबाईला हसू येई, आणि हसलं की दम लागे. म्हणून कारंजाच्या पुढं कमलीबाईनं ही शाळा बंद पाडली.

नागपुरात मोठे डॉक्टर फॉर्म घेऊन आले. त्यांच्या मागं सहा शिकाऊ डॉक्टर, सगळे त्या अजब बालकाला पाहायला. मोठ्या डॉक्टरांनी फॉर्म पाहिला, पोरीला पाहिलं, पुन्हा फॉर्म पाहिला.

"उंची पाच फूट नऊ इंच?"

"हो सर," वच्छला म्हणाली.

"वजन चौऱ्याहत्तर?"

"तवापासून लय वाळली साहेब," सरपंच मध्येच बोलले.

शिकाऊ डॉक्टरांपैकी एकजण फिसकन हसला. मोठ्या डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते खाली वाकले आणि नानीबाईच्या छातीला नळी लावली. एक मिनिट गेलं, दोन गेली. चेहऱ्यावरचं सगळं पुसलं गेलं. त्यांनी उभं राहून चष्मा पुसला, वच्छलाकडे रोखून पाहिलं. मग खिशातून पेन काढून फॉर्मच्या खाली लिहिलं: 'बालक तपासले. नोंदी बरोबर. शस्त्रक्रिया गुरुवारी.'

"सिस्टर," ते हळूच म्हणाले, "असाधारण केस आहे."

गुरुवारी अडीच तास लागले. कमलीबाई भिंतीला टेकून बसली होती. उकंडराव व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. आतून एक वॉर्डबॉय आला आणि मोठ्यानं ओरडला, "उकंडरावचं ऑपरेशन झालं! उकंडराव चांगला आहे!" तेव्हा सरपंचांनी दोन्ही हात छातीवर ठेवले आणि ते व्हरांड्यातल्या बाकावर धपकन बसले. वच्छलानं त्यांना पाणी आणून दिलं. कमलीबाई मात्र तोवर दाराशी पोहोचली होती.

पुढच्या उन्हाळ्यात केंद्राचा छापील अहवाल शेलूबाजारच्या खोलीवर आला. सेवादासनं तो मोठ्यानं वाचून दाखवला. 'क्र. १: शस्त्रक्रियेनंतर उंचीत दोन फूट तीन इंचांची घट. वजनात एकसष्ट किलोंची घट. मिशा पूर्णपणे गेल्या. हृदयाचा आकार वयानुरूप. प्रकृती उत्तम.' खाली मोठ्या डॉक्टरांची सही होती. क्र. १३८ बद्दल एवढंच होतं, की निरीक्षण चालू ठेवावे.

ते निरीक्षण करायला वच्छला तोरणखेडला गेली. शाळेत नानीबाई नव्हती. तांड्यावरही नव्हती. कमलीबाईनं कपाळावर हात मारला. "पयले चालत नव्हती म्हणून जीव जाये माहा. आता थांबत नाई म्हणून जाऊन राह्यला. पाय बाई, तिकडे असन."

सरपंचांच्या मळ्यात चिंचेचं जुनं झाड होतं. त्याच्या पार शेंड्याजवळ झगा अडकवून ती बसली होती आणि दोन्ही गाल भरून चिंचा चोखत होती. खाली उकंडराव काठी घेऊन उभे होते.

"अवं उकंडराव! उतर खाली! फांदी मोडन!"

"उतरत नाई!" वरून आवाज आला. दम लागल्याचा मागमूस नव्हता त्यात.

सरपंचांनी वच्छलाला पाहिलं आणि काठी खाली टाकली. "पायलं बाई? माहं नाव घेतलं, पण माहं आयकत नाई."

वच्छलानं फॉर्म काढला, बुंध्याला टेकून उभी राहिली आणि लिहू लागली. वय सात वर्षे. श्वास चांगला. उंची, असं लिहून तिनं वर पाहिलं, आणि पोर खाली उतरेपर्यंत ती जागा रिकामी ठेवली.