हुडकेश्वरची फटफटी

मित्रांनो, मी एक जुनी फटफटी आहे. कागदोपत्री माझं नाव मोठं भारदस्त आहे, पण नागपूरच्या महाल भागातल्या लोकांनी मला पहिल्या दिवसापासून फटफटीच म्हटलं आणि खरं सांगायचं तर मला तेच आवडतं. आजकालच्या गाड्या शेजारून गेल्या तरी कळत नाही. मी चौकात शिरले की पुढच्या गल्लीतला दुकानदार मान वर करून बघायचा. पेट्रोलमध्ये तेल मिसळून प्यायचं आणि मागून निळा धूर सोडायचा, असं आमचं घराणं. त्या घराण्यातल्या फार जणी आता उरल्या नाहीत.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी काळीभोर आणि हलकी होते. मला घरी नेलं ते विश्वनाथ काकांनी. ते सरकारी कचेरीत कारकून होते आणि महालात एका अरुंद गल्लीत राहायचे. सकाळी ऑफिस, संध्याकाळी भाजीबाजार, रविवारी मागे प्रमोदिनी काकू आणि त्यांच्या मांडीवर संत्र्यांची पिशवी, असं माझं आयुष्य गेलं. काका माझ्यावर जीव टाकायचे. रोज फडक्यानं पुसायचे. दर दसऱ्याला मला हार घालायचे आणि आपट्याची पानं, म्हणजे आपलं दसऱ्याचं सोनं, माझं सीट उचलून त्याखाली ठेवायचे. लोक सोनं माणसांना देतात, काका मलाही द्यायचे. कौतुक कोणाला नको असतं?

पुढे काका निवृत्त झाले, काकू गेल्या, घरात स्कूटर आली. मी जिन्याखाली गेले. माझ्यावर आधी छत्री टांगली, मग पायपुसणी वाळत पडली, मग कोणी काही टांगायचंही बंद केलं. रस्त्यावर चालवायची माझी मुदत संपली होती. शेवटी भंगारवाल्याचं नाव निघालं, तेव्हा काकांनी मला टेम्पोत घातलं आणि शहराच्या टोकाला हुडकेश्वरला, अंकुश नावाच्या मेकॅनिकच्या गॅरेजवर आणून उभं केलं. ते अंकुशला म्हणाले, "हिला रस्त्यावर नेता येत नाही, ठाऊक आहे मला. पण भंगारात देववत नाही. तू कर हिचं काही तरी."

अंकुश विचार करत राहिला. विचार केला नाही तो त्याच्या बहिणीनं. मेघानं मला एक किक मारली. मी खोकले. दुसरी मारली, मी ओरडले. "दादा, हे हलकी हाये," ती म्हणाली. "मातीवर उडंल हे."

मातीच्या शर्यती तुम्ही पाहिल्या आहेत का? मोकळ्या मैदानात वळणावळणांची वाट आखतात, तिच्यात उंचवटे करतात आणि धुळीत गाड्या सोडतात. मेघा आधी उसन्या गाड्यांवर असल्या शर्यती पळायची. आता तिला मी मिळाले. दोघा भावंडांनी माझे दिवे काढले, हॉर्न काढला, मागचं सीट काढलं. हवा भरपूर मिळावी म्हणून सीटखालच्या हवेच्या गाळणीच्या डब्याचं झाकणही काढलं. म्हातारपणी असं अंगावरचं सगळं उतरवून घेणं जरा लाजिरवाणंच. पण पहिल्यांदा मातीवर सुटले तेव्हा मला कळलं, की इतकी वर्षं मी तिसऱ्या गिअरमध्ये भाजी आणत होते.

तीन हंगाम आम्ही पळालो. पहिल्या दोन्हीत आपटलो, शिकलो, पुन्हा आपटलो. तिसऱ्या हंगामात म्हणजे गेल्या वर्षी विदर्भ चषकासाठी आमचं नाव सगळ्यांच्या पुढे आलं. आमच्या पाठोपाठ होता गौरांग, प्रताप नगरचा. त्याची गाडी नवी कोरी, माझ्या निम्म्या वयाचीसुद्धा नाही. मुलगा मात्र गुणी. शर्यत संपली की माझ्या टाकीवर थाप मारून जायचा.

त्या वर्षीच्या चषकामागे एक मोठी गोष्ट होती. जो जिंकेल त्याला पुण्याचा एक संघ आपल्यात घेणार होता. नवी गाडी, शिकवणारे लोक, देशभरच्या शर्यती. मेघाला ते हवं होतं. रोज पहाटे हुडकेश्वरच्या पलीकडच्या पडीक जमिनीवर ती मला गोल गोल फिरवायची ते त्यासाठीच. आणि मित्रांनो, मला एक गोष्ट कळत होती. ती जिंकली तर नव्या गाडीवर बसणार आणि मी मागे राहणार. मी त्यावर पुष्कळ विचार केला. मग ठरवलं, की जिच्यामुळे मी भंगारात गेले नाही, तिला मी अडवणार नाही. जिंकवायचं. रडायचं ते नंतर बघू.

शेवटून दुसरी शर्यत दसऱ्यानंतरच्या रविवारी होती. दसऱ्याच्या दिवशी गॅरेज बंद होतं. मेघा, अंकुश आणि घरचे सगळे पांढरे कपडे घालून सकाळीच दीक्षाभूमीला गेले. बाहेरगावाहून येणाऱ्या लोकांना पाणी द्यायला त्यांच्या वस्तीचा मंडप असतो, तिथे ते दिवसभर उभे असतात. मी शेडखाली एकटीच होते. दुपारी विश्वनाथ काका आले. फडक्यानं मला पुसलं, हार घातला, माझ्याशी चार गोष्टी बोलले. मग सवयीनं सीट उचललं आणि आपट्याची एक छोटी डहाळी पानांसकट आत ठेवली. जाताना हार तेवढा काढून खुंटीला अडकवला, कारण शर्यतीच्या गाडीवर हार राहू नये एवढं त्यांना समजत होतं. डब्याला झाकण उरलं नाही, हे कोणी त्यांना सांगितलंच नव्हतं.

रविवारी मी उभी होते तोवर ठणठणीत होते. सुटले आणि वेग घेतला, तशी ती पानं उडून थेट माझ्या गाळणीवर जाऊन चिकटली. माझा श्वास कोंडला. वेग उतरला की पानं सुटायची, वाढला की पुन्हा चिकटायची. ओरडून सांगावं तर मी पडले गाडी, आणि नाक बंद. मेघा वाकून माझं इंजिन ऐकत होती. मागचे एकेक करून पुढे जात होते. गौरांग जिंकला. आम्ही कितवे आलो ते मी सांगत नाही. गुणांमध्ये गौरांग आमच्यापेक्षा एका गुणानं पुढे गेला.

अंकुशनं मैदानाच्या कडेलाच मला खोललं. प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, डोकं खाजवलं. मेघानं सीट उचललं आणि हातात ती डहाळी घेऊन उभी राहिली.

"हे कोणं ठेवलं?" अंकुशचा आवाज चढला. "काहून ठेवलं?"

काका शर्यत बघायला आले होते. ते पुढे झाले. "मी ठेवलं. दसऱ्याला. दरवर्षी ठेवतो." एवढंच बोलून ते खाली बघत राहिले. ज्या माणसानं मला उभ्या आयुष्यात एक ओरखडा पडू दिला नाही, त्याच्याच हातून हे व्हावं.

अंकुश काही बोलणार होता. मेघानं त्याला हातानं थांबवलं. तिचे डोळे भरले होते आणि राग आला होता, दोन्ही. "काका," ती म्हणाली, "पुढच्या दसऱ्याले सोनं माह्या हातात द्या. हिच्या नाकात नका कोंबू."

काका हसले नाहीत. गेले ते गेलेच. आठवडा उलटला तरी फिरकले नाहीत. शेवटची शर्यत नागपुरातच होती आणि हिशेब आता सोपा होता: गौरांग आणि मेघा या दोघांत जो पुढे, चषक त्याचा. सरावातून वेळ काढून मेघा महालात गेली आणि काकांना स्कूटरवर मागे बसवून घेऊन आली. शेडमध्ये शिरतानाही ते कुरकुरत होते. "अगं, नको मला तिथे नेऊस. माझं पाऊल काही शुभ नाही."

"असं काही नसते, काका. पान होतं. काढलं. झालं." मेघानं त्यांना स्टूल दिलं आणि माझं इंजिन चालू केलं. "तुम्ही हिले लय वर्षं पुसलं. आता जरा ऐका. हे बोलते."

काका कान देऊन बसले. सुरुवातीला त्यांना नुसती फटफट ऐकू आली असणार. मेघा गिअर बदलून दाखवायची, तापल्यावर आवाजात कशी टिणटिण येते ते सांगायची. रोज येऊन ते ऐकू लागले.

शर्यतीच्या दिवशी ऊन कडक होतं. झेंडा पडला आणि गौरांग बाणासारखा पुढे निघाला. आम्ही त्याच्या मागे. वळणावर मी त्याला गाठायचे, सरळ वाटेवर त्याची नवी गाडी पुन्हा पुढे जायची. असं बराच वेळ चाललं. मी हटले नाही. म्हातारी असले तरी जिद्दीला काही गंज चढत नाही. पण त्याच्या चाकांची सगळी धूळ माझ्या तोंडावर येत होती, इंजिन तापत होतं आणि शेवटी माझ्या आवाजात ती टिणटिण आली. आणखी थोडा वेळ असंच चाललं असतं तर माझं पिस्टन जागच्या जागी जाम झालं असतं. आमच्या घराण्यात मरण असंच येतं.

मेघाला ते ऐकू आलं. दोन फेऱ्या उरल्या होत्या. तिनं एक गिअर वर टाकून माझा आवाज खाली आणला आणि मला धुळीतून काढून कडेच्या लांब वाटेनं नेलं, जिथून कोणीच जात नव्हतं. गौरांग सुटला. लोकांना वाटलं, पोरीनं हार मानली.

"आत घे वं, आत!" अंकुश कडेवरून ओरडत होता.

"राहू दे रे," काका त्याला म्हणाले, "गाडी तापली आहे. श्वास घेऊ दे तिला."

ती पूर्ण एक फेरी मेघानं मला दिली. ज्या फेरीसाठी ती हंगामभर राबली होती, ती दिली. थंड, स्वच्छ हवा माझ्या अंगावर आली. टिणटिण थांबली. मला तेव्हा जे वाटलं ते साधंच होतं: या मुलीसाठी आता काहीही. शेवटच्या फेरीत आतली वाट सगळ्यांच्या चाकांनी भुसभुशीत झाली होती, कडेची मात्र घट्ट होती. मेघानं सगळा अॅक्सिलरेटर पिळला. माझ्यात होतं नव्हतं ते मी ओतलं. शेवटच्या वळणावर गौरांगचं मागचं चाक आत रुतून जागीच फिरलं आणि आम्ही बाहेरून त्याच्या बरोबरीला आलो, मग अर्धं चाक पुढे. तेवढंच पुरलं.

गौरांग हेल्मेट काढत आला. चेहरा उतरला होता, तरी माझ्या टाकीवर थाप मारायला विसरला नाही. "मेघा, बाहेरून काहून गेली तू? शर्यत गेली असती ना."

"गाडी तापली होती. शर्यत तं तिच्यावरच बसून करायची होती मले," मेघा म्हणाली.

महिन्याभरानं ती पुण्याला गेली. निघताना तिनं माझ्या हँडलवर कपाळ टेकलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मी रडले. गाड्या रडत नाहीत म्हणतात, ते खोटं आहे. अंकुशला दिवसभर गिऱ्हाइकांच्या गाड्या, म्हणून मला सांभाळायचं काम काकांनी मागून घेतलं.

आता दर रविवारी काका येतात. या वयात किक मारताना धापा टाकतात, पण दुसऱ्या कोणाला मारू देत नाहीत. मग पुण्याला फोन लावून तो माझ्या इंजिनाजवळ धरतात. गेल्या रविवारी ते फोनमध्ये म्हणाले, "आज जरा कुरकुरते आहे. मला वाटतं, चेन कोरडी पडली."

पलीकडे मेघानं कान दिला. "हो काका. मलेबी तेच ऐकू आलं."

काका ताठ झाले. लगेच तेलाची बुधली शोधायला उठले.

मित्रांनो, तुमच्या घरीही कोणी तरी असेल. एखादी सायकल, एखादं शिलाईमशीन, एखादं कमी बोलणारं माणूस. त्यांच्यावर तुमचा जीव आहे, हे मला ठाऊक आहे. पण नुसता जीव असून भागत नाही. काही द्यायच्या आधी क्षणभर थांबा, त्यांच्याजवळ बसा आणि त्यांना काय हवं आहे ते ऐका. मला आयुष्यात खूप हार मिळाले. जगले मात्र मी त्या एका फेरीवर.