दोन नंबरची कॅप

तिने इंजिनच्या दोन नंबरच्या रॉडची, क्रँकला धरून ठेवणारी कॅप उघडली, क्रँकवर फट मोजायचा मेणाचा बारीक धागा ठेवला आणि कॅप पुन्हा लावून टॉर्क रेंच ‘कट’ म्हणेपर्यंत बोल्ट आवळले. मग ते सोडवून पाहिलं. धागा एका टोकाला पार चपटा झाला होता, दुसऱ्या टोकाला जेमतेम दबला होता. म्हणजे एका बाजूला तेलाला जागाच नव्हती.

“किती?” स्टुलावरून बाबांनी विचारलं. डोळे अधू झाल्यापासून मापं तीच वाचायची.

“थांबा, परत बघते.”

“बघ. रेसचं इंजिन आहे, कुकर नाही.”

बेअरिंग नवं होतं, क्रँक नुकताच घासून आणलेला. तिने कॅप उलटी केली. रॉडवर दोन ठिपके ठोकलेले, कॅपवर तीन. तीन नंबरवर बरोबर उलट. कॅप ज्या रॉडची त्यालाच नीट बसते; दोघांवर ठिपके सारखेच हवेत. सगळं जसं निघालं तसंच लावायचं, ही बाबांचीच शिस्त, आणि तिने ती पाळली होती. या कॅप मागच्या वेळी बाबांनी बसवल्या होत्या. त्या कामाला ते दादालाही हात लावू देत नसत.

दोन वर्षांपूर्वी रेसच्या शेवटच्या फेरीत याच इंजिनचं दोन नंबरचं बेअरिंग जळलं, इंजिन जाम झालं आणि दादाची गाडी भिंतीवर गेली. दादा वाचला नाही. “पोराने गिअर चुकीचा टाकला,” बाबा चौकशीत म्हणाले. तेव्हापासून आई त्यांच्याशी बोलत नव्हती. डबा गॅरेजच्या दारात ठेवून परत फिरायची.

तिने तीन नंबरचेही बोल्ट हलकेच सोडवले. कॅपची अदलाबदल केली. नवा धागा, पुन्हा रेंच. या वेळी तो सगळीकडे सारखा दबला.

“पाच शतांश मिलिमीटर. बरोबर आहे, बाबा.”

बाबा चाचपडत उठले. त्यांचा अंगठा सांध्यावरून फिरला. रॉडवर दोन, कॅपवर दोन. तो तिथेच थांबला.

“काढलं तेव्हाही असंच होतं?”

“हो.”

“मग शेजारचे बोल्ट कशाला सोडवलेस? डोळे गेलेत माझे, कान नाही.”

तिने रेंच फडक्यावर ठेवली. फडकं उगीचच सरळ केलं.

बाबांनी खिशातून मापांची वही काढून तिच्यापुढे धरली.

“होतं तसं लिही,” ते म्हणाले. “आणि आईला हाक मार. म्हणावं, आज आत ये.”