इस्पिकच्या गुलामाचा दुसरा डोळा

"इस्पिकच्या गुलामाने तोंड फिरवलंय, म्हणून त्याचा एकच डोळा दिसतो. दुसऱ्याने तो पलीकडचं बघतो," एका डोळ्यात मोतीबिंदू असलेले चांगदेव आजोबा पत्ते पिसताना सांगायचे. महूच्या पलटणीत शिकलेला त्यांचा खेळ विजय नगरच्या फ्लॅटमध्येही रोज दुपारी रंगायचा.

त्यांच्या जलदानविधीनंतर आज पहिल्यांदाच डाव बसला. घरची रीत अशी, की पहिल्या डावाला गेलेल्याच्या नावानेही पत्ते वाटायचे. त्यांच्या नातीला, मैत्रीला, हा निव्वळ खुळेपणा वाटे, तरी तिने मुकाट्याने वाटले.

डाव संपल्यावर आई म्हणाली, "देख तो जरा, आजोबांना काय आलं?"

मैत्रीने पत्ते उलटले. वरच इस्पिकचा गुलाम होता. त्याने तोंड सरळ केलं होतं. दुसरा डोळा तिच्याकडेच रोखलेला होता, आणि त्यात आजोबांचा मोतीबिंदू होता.