वर्षाच्या आत पणजी

कुळदेवीचं नाव पुढे करायचं, ही कल्पना जगनची. नौपाड्यातल्या हॉटेलात बटाटावड्याची दुसरी प्लेट संपत आली असताना त्याला ती सुचली, आणि बाकीच्या तिघांना इतकी पसंत पडली की तिच्यात कुठे भोक आहे का, हे बघायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

"गोव्याला चाललोय हे खरं," जगन म्हणाला. "आपली देवी गोव्यात आहे हेही खरं. पणजीचं तेवढं गाळायचं. खोटं कुठे बोललो आपण?"

"आणि कॅसिनो?" त्याची बायको नीरजा म्हणाली.

"हळू बोल गं! पलीकडे माणसं बसलीत."

"बसू देत. ती काय आपल्या मुलांना फोन करणार आहेत?"

कल्याणचे बाबुराव चटणी पुसून खात होते. ते म्हणाले, "जगन, तू नोकरीत असताना पण असंच करायचास. रजा मामाच्या नावावर, आणि मुक्काम लोणावळ्याला."

चौथा त्र्यंबक नेरुरकर, वर्तकनगरचा. जगन आणि तो एकाच कारखान्यात होते, बाबुराव तिथे स्टोअर सांभाळायचे. बाबुरावांनी लग्न केलं नव्हतं. त्यामुळे त्यांना कोणाला काही सांगायचं नव्हतं, पण कट करायला त्यांना आवडायचं.

बेत मुळात त्र्यंबकच्या बायकोचा, सुमतीचा. सुमती पत्त्यांत वाघीण होती. कोकणात माहेरी गणपतीच्या जागरणाला मोठ्यांच्या मांडीला मांडी लावून शिकलेली. रविवारी डोंबिवलीत जगनकडे डाव पडायचा आणि घरी येताना त्र्यंबकचं तोंड उतरलेलं असायचं. एका रविवारी मुलगा आणि सून सिनेमाला गेले, म्हणून नातीला, चिमीला, डावावर घेऊन जावं लागलं. चिमीने बदामची राणी चावली, सरबत सांडलं आणि शेवटी सुमतीच्या मांडीवर बसून तिचे पत्ते मोठ्याने वाचून दाखवले. डाव गेला. सुमतीने पत्ते खाली ठेवले आणि म्हणाली, "मला चार दिवस अशा ठिकाणी जायचंय, जिथे मूल नाही. माझं नाही, कोणाचंच नाही."

बाबुराव एकदा पणजीच्या कॅसिनोच्या बोटीवर जाऊन आले होते. ते म्हणाले, "मग कॅसिनोत चला. एकवीसच्या आतल्या माणसाला खेळायला सोडत नाहीत."

"म्हणजे मला तिथे कोणी आजी म्हणणार नाही?"

सगळे हसले. सुमती हसली नाही. घरी येताच तिने गाड्यांची चौकशी सुरू केली.

मग आषाढात ती गेली. ताप आला, दवाखान्यात नेली, ती परत आली नाही. त्यानंतर जगनकडे डाव पडला नाही.

तेव्हापासून त्र्यंबकला कशाची इच्छा म्हणून झाली नव्हती. वाढलं की जेवायचं, चिमीला शाळेच्या बसवर सोडायचं, बस आली की घरी आणायचं. पण नीरजाने फोन करून विचारलं, "भावोजी, सुमतीचा तो बेत आपण पार पाडू या का?" आणि त्याच्या तोंडून "चला" निघून गेलं. त्याचं त्यालाच नवल वाटलं. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ तो खिडकीत उभा होता आणि बोटीवर कसं असेल याचा विचार करत होता.

जायचं होतं, ते मनापासून होतं. फक्त विनीतला कळायला नको होतं. आई जाऊन वर्ष झालं नाही आणि बाप जुगार खेळायला निघाला, हे मुलाला काय वाटेल? आणि त्याहून अवघड म्हणजे तो विचारणार, हे खूळ कोणाचं. मग सांगावं लागणार की तुझ्या आईचं. तिला तुमच्यापासून, चिमीपासून, चार दिवस सुटायचं होतं. ती असती तर तिने हसत सांगितलं असतं. ती नसताना तिच्या वतीने हे सांगायचं त्र्यंबकच्या जिवावर आलं होतं.

म्हणून कुळदेवी.

हॉटेलातून परतल्यावर त्याच संध्याकाळी त्याने घरी विषय काढला. सून रुचिता पोळ्या लाटत होती. विनीत चिमीच्या वहीला कव्हर घालत होता.

"मी म्हणतो, देवीला जाऊन यावं," त्र्यंबक म्हणाला. "जगन आणि वहिनी निघालेत. बाबुराव पण आहेत. पुढच्या महिन्यात."

"अरे वा," विनीत म्हणाला. "जा ना बाबा. तेवढाच चेंज."

त्र्यंबकला वाटलं, जमलं. जगन हुशार माणूस आहे.

रुचिताचं लाटणं थांबलं. "पण बाबा, वर्ष कुठे झालंय?"

"कसलं वर्ष?"

"आईंचं. वर्षाच्या आत कुळदेवीला नाही ना जात. आईंनीच मला सांगितलेलं. आमचे आजोबा गेले तेव्हा मी जेजुरीला निघाले होते, तर त्यांनी थांबवलं मला."

हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. जगनला ठाऊक होतं, नीरजाला ठाऊक होतं, तिघांनीही आपापल्या घरी ते पाळलं होतं. पण हॉटेलात बसून थाप जुळवताना, ती देवाची असली तरी थापच, तेव्हा वर्ष पाळायचं कोणाच्या मनात येतंय? घरात माणूस गेलेलं असताना जिथे जायचं नाही, नेमकं तेच ठिकाण त्यांनी शोधून काढलं होतं.

"हो, ते आहेच," तो म्हणाला. "विसरलोच."

"त्यात काय," विनीत म्हणाला. "वर्षश्राद्ध झालं की आपण सगळेच जाऊ. गाडी करू. चिमीला अजून देवी दाखवलेली नाहीच. भक्तनिवासाचं मी बघतो." आणि त्याने लगेच मोबाइल काढला.

त्र्यंबक गॅलरीत गेला आणि दार लावून जगनला फोन लावला.

"अरे शहाण्या, वर्ष आहे माझ्या घरात!"

मग जगन म्हणाला, "अरेच्चा."

"अरेच्चा काय? आता तो सगळ्यांना घेऊन निघालाय. चिमीसकट. भक्तनिवास बघतोय."

"थांब, दुसरं काहीतरी सांगू. लग्न सांग. कोणाच्या तरी मुलाचं मडगावला लग्न आहे."

"वर्षात लग्नाला जाऊन जेवू?"

"मग आजारपण. आयुर्वेदिक मसाज. तिकडे करतात."

"माझं काही दुखतंय असं कळलं तर विनीत रजा टाकून माझ्याबरोबर येईल. डॉक्टरशी स्वतः बोलेल. तू ओळखतोस त्याला."

तेवढ्यात नीरजाने फोन हिसकावला. "भावोजी, यांचं ऐकू नका. बाबुरावांना मी मघाशीच सांगितलं सगळं."

"मघाशी? मी तर आत्ता सांगतोय."

"आमच्याही लेकीने तेच विचारलं ना. म्हणाली, तुम्ही जा, पण त्र्यंबककाका कसे येतील? हे तुम्हाला सांगायला घाबरत होते. बाबुराव काय म्हणाले माहितीये? म्हणाले, देवाला बंदी आहे, लग्नाला बंदी आहे, पण वर्षाच्या आत जुगार खेळू नये असं कुठल्या भटजीने सांगितलंय? खरं सांगितलं तर अडवायला कोणापाशी नियमच नाही."

त्र्यंबकला हसू आलं. मोठ्याने आलं. आत रुचिताने मान वर करून काचेतून बघितलं, कारण हा आवाज घरात बऱ्याच दिवसांत आला नव्हता.

तो आत आला. विनीत म्हणत होता, "दोन खोल्या मिळतायत. घेऊन टाकू?"

"नको घेऊस."

"का? नंतर मिळणार नाहीत."

"विनीत, मी देवीला जात नव्हतो. पणजीला जात होतो. कॅसिनोत."

विनीतने मोबाइल खाली ठेवला. चिमीने विचारलं, "कॅसिनो म्हणजे काय?" रुचिता तिला म्हणाली, "आत जाऊन रंगपेटी शोध बरं," आणि चिमी गेली.

"बाबा, आई जाऊन..." विनीत एवढंच बोलला.

"हो. वर्ष नाही झालं. माहीत आहे मला."

"मग? जगनकाकांचं डोकं ना हे? त्यांना काय, त्यांचं ठीक चाललंय."

इथे जगनवर ढकलून मोकळं होता आलं असतं. जगननेही ते आनंदाने सोसलं असतं. त्र्यंबकने पाण्याचा पेला उचलला, परत ठेवला.

"तुझ्या आईचं डोकं," तो म्हणाला. "तिनेच ठरवलं होतं. गाडी पण तिनेच बघून ठेवली होती. ठाण्याहून बसायचं आणि थिवीला उतरायचं."

"आईने? कॅसिनो?"

"तिथे मुलांना सोडत नाहीत म्हणून."

तव्यावरची पोळी करपायला लागली तशी रुचिताने गॅस बंद केला.

"आम्हाला कंटाळली होती का ती?" विनीतने विचारलं. अडतीस वर्षांचा बाप्या, पण तोंड अगदी शाळेत मार खाऊन आल्यासारखं झालं होतं.

"कंटाळली नव्हती रे. सुट्टी पाहिजे होती. तू ऑफिसातून सुट्टी घेतोस ती काय ऑफिसचा राग आला म्हणून घेतोस?"

"कधी कधी," रुचिता हळूच म्हणाली.

"मला का नाही सांगितलं तिने?"

"तुला सांगितलं असतं तर तू पाळणाघर बघायला निघाला असतास. आणि ही म्हणाली असती, आई, मी नोकरी सोडते. मग सुमतीला जन्मभराचं वाईट वाटलं असतं. तिला चार दिवस पाहिजे होते, बस्स. चार दिवस पत्ते खेळायचे, कोणाचा डबा भरायचा नाही आणि परत यायचं. परत यायचंच होतं तिला."

तो उठून पाणी प्यायला गेला. परत आला तेव्हा विनीत डोळे चोळत होता आणि रुचिता करपलेल्या पोळीकडे बघत होती.

"त्या चिडायच्या ना कधी कधी," रुचिता म्हणाली, "मला वाटायचं माझ्यावर चिडल्यात. डाळीत मीठ जास्त झालं म्हणून."

"डाळीत मीठ जास्तच असायचं तुझ्या," त्र्यंबक म्हणाला. "पण चिडायची ती पत्ते खेळायला मिळाले नाहीत की. लग्न झाल्यापासून तसंच आहे."

रुचिता हसली आणि मग विनीतही, जरा उशिराने. हसताना त्याने नाक पुसलं.

"बरं, चिमीचं काय करायचं ते आम्ही बघू," तो म्हणाला. "मी घरून काम करतो ते दिवस." जरा थांबून म्हणाला, "मी येऊ का पण? बॅगा उचलायला. तुम्ही सगळे म्हातारे."

"नाही."

"अहो, मला सोडतील ना आत!"

"ते सोडतील. मी नाही सोडणार. तुझ्या आईने सांगितलंय, मुलं नकोत."

रुचिता मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. ती म्हणाली, "बाबा, इथे लिहिलंय चप्पल चालत नाही. बूट पाहिजेत. तुमच्याकडे आहेत कुठे?"

नव्हते. होते ते विनीतच्या लग्नातले, आणि त्यांचे तळवे सुटले होते.

शनिवारी बापलेक रिक्षाने नौपाड्यात उतरले. विनीतला मोठ्या मॉलमध्ये जायचं होतं, पण त्र्यंबक ऐकेना. दुकानातला माणूस बोलका होता. त्याने पाचसहा खोके उघडून पुढ्यात मांडले. त्र्यंबकने काळ्या बुटांचा जोड पायात घातला, लेस बांधली आणि आरशापुढून एक फेरी मारली. बूट करकरत होते. स्वतःसाठी काही घ्यायचं तर पसंत कोणी करायचं, हा प्रश्न त्याला पडला खरा, पण फार वेळ नाही. त्याला ते आवडले होते.

"छान दिसतात, काका," दुकानदार म्हणाला. "कार्य आहे का घरात काही?"

"नाही," त्र्यंबक म्हणाला. "जुगार खेळायला चाललोय."

दुकानदार थट्टा समजून मोठ्याने हसला आणि दुजोऱ्यासाठी त्याने विनीतकडे बघितलं. विनीत वाकून बापाच्या बुटाचं टोक अंगठ्याने दाबून बघत होता.

"खरंच चाललेत," तो खालूनच म्हणाला. "एक नंबर मोठा दाखवा. गाडीत बसून पाय सुजतात त्यांचे."