घोंगडीआडची ऊब

मी एक जुना मालट्रक आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. एवढं मोठं धूड आणि भित्रं कसं, म्हणून हसू नका. घाटाला, वळणाला, समोरून दिवे मारत येणाऱ्या गाड्यांना मी कधी भ्यालो नाही. मला भीती वाटते थंडीतल्या सकाळची. का, ते ऐका.

हट्टा गावच्या रामप्रसादने मला एक्क्याण्णव साली घरी आणलं. त्याच्या बायकोने, सिंधूबाईने, मला हळद-कुंकू लावलं. त्याचे वडील रखमाजी यांचा जन्म मेंढरांमागे गेलेला. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, “हे खातं काय?” डिझेल म्हणताच म्हणाले, “मंग चांगलंय. चारायला न्यायची तकलीफ न्हाई.”

मी जवळा बाजारहून सोयाबीन, कापूस भरायचो आणि हिंगोली गाठायचो. आठ-दहा वर्षं लोक माझं नाव घेत होते. मग वय झालं, आणि मला थंडी बाधू लागली. माझ्या पोटात ठिणगी नसते, मित्रांनो. मी हवा जोरात दाबतो, ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल पेट घेतं. पण पौषात लोखंड गारठलं, तेल घट्ट झालं, बॅटरी दमली, की हवा तापतच नाही. किल्ली फिरवली तरी सेल्फ नुसता कण्हतो.

यावर रखमाजींनी मेंढपाळाचा उपाय काढला. नव्या कोकराला जपतात तसंच ते मला जपू लागले. संध्याकाळी माझ्या नाकावर घोंगडी टाकायची, ती पुढून आणि बाजूंनी पार जमिनीपर्यंत सोडायची. पहाटे कपाशीच्या पऱ्हाटीचे निखारे घमेल्यात भरून इंजिनाखाली सरकवायचे. तासाभरात तेल पातळ होई. मग घमेलं बाहेर ओढायचं, पण घोंगडी मात्र इंजिन गुरगुरेपर्यंत काढायची नाही, असा त्यांचा दंडक होता. त्या घोंगडीआड एक लहानशी उबदार खोलीच तयार व्हायची. ही खोली दुसऱ्या कुणालाही आवडेल, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

ती दोन हजार तीन सालातली पौषातली सकाळ. उजाडलं होतं, पण अंगणात दव गोठल्यासारखं होतं. पाठीवर सोयाबीनची पोती होती. रखमाजींनी घमेलं ओढून घेतलं आणि ते मेंढरांच्या वाडग्याकडे गेले. रामप्रसाद घरातून बॅटरी आणायला गेला. तेवढ्यात घोंगडी हलली.

आत आली राधिका, रामप्रसादची पाच वर्षांची लेक. तिच्या कवेत दोन दिवसांचं कोकरू थरथरत होतं. “कोकराला ऊब पायजे, न्हाईतर ते जगत न्हाई,” असं आजोबांनी आदल्या दिवशी तिच्यासमोरच म्हटलं होतं. ती माझ्या पुढच्या डाव्या चाकापुढे तापलेल्या मातीवर बसली आणि पाठ टायरला टेकवली. मला तिच्या पाठीची हाडंसुद्धा जाणवली.

मी उताराला उभा होतो, तोंड खाली करून.

रामप्रसादने बॅटरी जोडली आणि सेल्फ मारला. राधिकाच्या डोक्यावर पंखा गरगरला. ती दचकली, पण बाहेर आली नाही. गाडीजवळ जायचं नाही, अशी तिला सक्त ताकीद होती. मार बसेल म्हणून तिने ओठ मिटले आणि कोकराचंही तोंड हाताने दाबून धरलं. मित्रांनो, मला त्या क्षणी एवढंच वाटलं, मी पेटू नये. बारा वर्षं सुरू होण्यासाठी धडपडलो, आणि त्या सकाळी सुरू होण्याच्या नुसत्या विचाराने माझा जीव गोळा झाला.

दुसऱ्यांदा सेल्फ कण्हला. तिसऱ्यांदा मी एक उचकी दिली, धूर आला आणि विझलो. मी मुद्दाम अडलो असं म्हणू नका. यंत्राला तेवढं स्वातंत्र्य नसतं. ती थंडीच होती.

“आबा, आज ही न्हाई ऐकत,” रामप्रसाद ओरडला. “उतारावर सोडूनच चालू करतो. ग्यानबा, मागच्या चाकाचा दगड काढ!”

शेजारचा ग्यानबा मागे वाकला. माझा हँडब्रेक नावापुरता होता, मला फक्त त्या दगडाने धरलं होतं. त्याचा हात दगडाला लागला. मला ओरडायचं होतं. भोंगा होता, पण तो वाजवणारा हात माझा नव्हता. दगड बोटभर सरकला आणि मीही बोटभर पुढे गेलो. राधिकाची पाठ टायरने ढकलली गेली.

“थांब! दगडाला हात लावू नको!”

तो आवाज रखमाजींचा होता. ते वाडग्यात कुडाला धरून उभे होते. त्यांच्यासमोर एक मेंढी गाडीकडे तोंड करून सारखी ओरडत होती.

“ही काहून वरडून राहिली? हिचं कोकरू कुठंय?”

“आसंल कुठंबी, आबा. उशीर होऊन राहिला.”

“मेंढी उगा कुणाकडं तोंड करत न्हाई,” म्हणत म्हातारा धावला. त्याने दगड दाबून बसवला आणि घोंगडी उचलली.

सिंधूबाई दारातूनच किंचाळली. तिला वाटलं होतं, पोरगी वाकळेत झोपली आहे. रामप्रसाद केबिनमधून उतरून पुढे धावला. राधिका रडत सांगत होती, “बाबा, मारू नका. ते गारठलं होतं.” कुणी मारलं नाही. रामप्रसादने तिला छातीशी धरलं आणि लेकरासारखा रडला.

त्या दिवशी मला कुणी सुरू केलं नाही.

पुढे मी अजून पाच वर्षं चाललो. रोज सकाळी रामप्रसाद आधी लेकीला हाक मारी. ती दारात दिसली, की मग गुडघे टेकून माझ्याखाली पाहायचा आणि नंतरच केबिनमध्ये चढायचा. लोक हसत, तो हसू देई.

आता माझं इंजिन काढून नेलंय. बाभळीखाली गंजत उभा आहे. गावातली पोरं लपाछपी खेळताना माझ्याच चाकांआड लपतात. मी हलू शकत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे, तरी कुणी टायरला पाठ टेकवली की मी घाबरतो. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, गाड्या चालवाल. किल्ली फिरवण्याआधी एकदा खाली वाका. खाली कोण बसलंय ते आम्हाला कळतं, पण सांगता येत नाही.