छबूची पेटी

खट्. दुपारी सामसूम झालेल्या घरात पेटीची कडी वाजली, अन् ललितानं मांडीवरच्या तान्ह्याला घाईघाईनं थोपटलं. ओसरीत तिची लेक छबू पुन्हा त्या गाण्याच्या तबकड्यांच्या पेटीवर वाकली होती, कान पार सुईला भिडवून. सेलवर चालणाऱ्या पेटीचा स्पीकर दसऱ्यातच फाटला. तबकडी फिरायची, पण आवाज काय तो सुईपाशी, मुंगी गुणगुणल्यासारखा. पोरीला तेवढाही पुरे.

अंगणात नणदेची मोटार उभी होती. माणिकबाई अन् तिचे यजमान पंजाबराव छबूला अकोल्याला न्यायला आले होते, कायमचं. माणिकबाईच्या घरी पाळणा हलला नव्हता. एक पोर तिला द्यावी असं सासूबाईंनी ठरवलं, ललिताच्या नवऱ्यानं मान हलवली. ललिताला विचारायचं कोणाच्या ध्यानातही आलं नाही. छबू मात्र सकाळपासून दोनदा मोटारीतून उतरून पळाली होती. शेवटी पंजाबरावांनी तिला लालूच दाखवली, की मोटारीतल्या रेडिओला तुझी पेटी जोडून देतो, मग ऐक गाणी, साऱ्या गल्लीला ऐकू जातील.

आता पेटी पुढच्या सीटवर अन् पंजाबराव रेडिओखाली आडवे. रेडिओतून नुसता घूं घूं.

"वैनी, या दोन तारा दाबून धरा जरा. मी पट्टी गुंडाळतो."

तान्ह्याला सासूबाईंकडे देऊन ललिता आत वाकली. तिनं तारा चिमटीत धरल्या मात्र, भुलाबाईचं गाणं असं उसळलं की कुंपणावरच्या चिमण्या उडाल्या. छबू धावतच येऊन मोटारीत चढली.

ललिताची चिमूट सैल पडली. गाणं तुटलं. छबूनं एक पाय खाली टाकला.

"सुटलं काय, वैनी?"

"हाताले घाम येऊन राहिला, भाऊजी."

पुन्हा धरलं, पुन्हा सुटलं. माणिकबाई म्हणाली, वहिनीच्या हातात जीवच नाही, बाळंतपणानं पार वाळली बिचारी. ललिताचा मनात हिशेब चालला होता. आणखी एकदा सुटलं, तर पंजाबराव कंटाळतील, ऊन उतरेल, आजचं जाणं उद्यावर पडेल. उद्याचं उद्या.

तेवढ्यात तिचं लक्ष छबूकडे गेलं. टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले होते.

"आई, म्या बिघडवली काय?"

"नाही वं माय," ललिता म्हणाली, अन् तिनं तारा अशा दाबल्या की टोक बोटात रुतलं. गाणं लागलं ते लागलंच. पंजाबरावांनी वरून काळी पट्टी गुंडाळली, तरी तिला हात सोडवेना. मग त्यांनीच हळूच तो बाजूला केला.

छबू आत्याच्या मांडीवर बसली, दोन्ही हातांनी टाळ्या पिटत. दार लागलं. मधेच तिच्या टाळ्या थांबल्या. खिडकीतून तिनं डोकं बाहेर काढलं.

"आई, पेटी तं मी नेऊन राहिली. मंग घरी तू काय आयकशीन?"